अधारीचं पाणी

बहरीनमध्ये एक जुनी म्हण आहे : अधारी दूरच्याला पाजते, जवळच्याला विसरते. आपल्या ‘दिव्याखाली अंधार’सारखीच. अधारी हा मनामाजवळचा गोड्या पाण्याचा झरा. त्याचं पाणी पाटांनी लांबच्या खजुरीच्या बागांना जाई आणि लगतची जमीन कोरडी राही.

बहरीन म्हणजे ‘दोन समुद्र’. मोत्यांच्या मोसमात पाणबुडे खाऱ्या पाण्यात बुडी मारत आणि तळाच्या झऱ्यांवर चामड्याच्या पखाली धरून गोडं पाणी भरून आणत. १९३२ मध्ये तेल लागलं, वस्ती वाढली आणि विहिरींचा उपसा वाढला. जमिनीतलं गोडं पाणी घटलं, त्यात खारं शिरलं. शतक सरता सरता अधारीही आटली. त्याआधीच, १९७५ मध्ये, सित्रा इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला होता.

असं महागाचं पाणी एकदा वापरून फेकणं बेटाला परवडेना. १९८२ मध्ये तुबलीचं सांडपाणी केंद्र सुरू झालं. तिथे जंतूंकडून मैला खाऊन घ्यायचा, वाळूतून गाळायचं, ओझोन द्यायचा आणि ते पाणी शेतांना व रस्त्याकाठच्या झाडांना सोडायचं. २०१४ मध्ये मुहर्रकचं केंद्र आलं. त्याची क्षमता रोज १ लाख घनमीटर. आटलेल्या झऱ्याची जागा अशी सांडपाण्याने घेतली.

या साऱ्याची आखणी झाली ती मैला आणि रोगजंतू डोळ्यांपुढे ठेवून. गोळ्या-औषधांचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता. आपण घेतलेल्या औषधाचा काही भाग शरीरातून तसाच बाहेर पडतो. जंतूंना तो पूर्ण पचत नाही, वाळूत तो पुरता अडकत नाही. अंश अगदी थोडा, पण रोजचा. औषध भलत्या ठिकाणी पोचलं की काय होतं, हे आपण पाहिलं आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने, मेलेल्या जनावरांच्या मांसातून, आपली गिधाडं संपत आणली. कारण उघड झालं २००४ मध्ये आणि भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली २००६ मध्ये. सांडपाण्यातली मात्रा त्याहून फार कमी असते हे खरं. पण कारण कळेपर्यंत किती उशीर होतो, ते ध्यानात ठेवावं.

ओझोन काही औषधं मोडतो. पण समुद्रकाठच्या गटारांत खारं पाणी झिरपतं, त्यात ब्रोमाइड असतं, आणि ओझोनमुळे त्याचं ब्रोमेट होऊ शकतं. ते कर्करोगाच्या संशयितांपैकी एक. कोळशाच्या वाटेत हा धोका नाही. सक्रिय कार्बन लाकडापासून, दगडी कोळशापासून किंवा अगदी नारळाच्या करवंटीपासूनही करतात. त्याच्या एका ग्रॅमच्या भोकाभोकांत सुमारे १,००० चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो. ही पूड शुद्ध होत आलेल्या पाण्यात लिटरमागे १०-२० मिलिग्रॅम मिसळतात. औषधांचे रेणू तिला चिकटतात. मग पूड बसवून, उरलेली गाळून काढतात. गाळणी चुकली, तर औषध चिकटलेली पूडच पाण्याबरोबर जायची. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना ८० टक्के सूक्ष्म प्रदूषकं काढण्याचं बंधन घातलं. तिथे कुठे ओझोन वापरतात, कुठे कोळसा.

कोळसा फुकट नाही. वापरलेली पूड गाळासोबत जाते, आणि मग तो गाळ शेतात टाकण्याऐवजी जाळावा लागतो. क्ष-किरण तपासणीतली आयोडीनयुक्त द्रव्यंही त्याला फारशी दाद देत नाहीत.

तरीही प्रश्न टळत नाही. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. शहराला वाटतं, ते गेलं. बहरीनला असं खालचं गावच नाही. सोडलेलं पाणी एक तर त्याच्याच खजुरीच्या मुळाशी जातं, नाही तर तुबलीच्या खाडीत. १९९७ पासून ही खाडी रामसर यादीत आहे.

अधारी जवळच्याला विसरायची. आताचं पाणी मात्र जवळच्याकडेच परत येतं. म्हणून त्याच्यासोबत काय परत येतं, हे विचारायलाच हवं.