मस्तिष्क-इजा व मानसिक आघात : अभ्यासाचा इतिहास

डोक्याला बाहेरून मार बसल्यामुळे मेंदूच्या कार्यात निर्माण होणारा बिघाड म्हणजे मस्तिष्क-इजा. तर जिवावर बेतलेल्या अथवा अत्यंत भयावह प्रसंगाचा मनावर राहणारा दीर्घकालीन परिणाम म्हणजे मानसिक आघात होय. अपघात, भूकंप, युद्ध, मारहाण अशा एकाच घटनेतून दोन्ही उद्‌भवू शकतात. निद्रानाश, चिडचिड, विस्मरण, चित्त एकाग्र न होणे ही लक्षणे दोहोंत आढळत असल्याने ‘दुखणे मेंदूचे की मनाचे’ हा वाद दीर्घकाळ चालला. हा प्रश्नच अपुरा आहे, हे ध्यानी येण्याचा इतिहास म्हणजे या अभ्यासाचा इतिहास होय.

अमेरिकेत १८४८ मध्ये रेल्वेमार्गाच्या कामावरील फिनिअस गेज याच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, परंतु त्याचा स्वभाव पालटल्याची नोंद त्याचे वैद्य जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केली. मेंदूच्या जखमेने माणसाचे वागणे बदलू शकते, असे या नोंदीने दाखविले. उलटपक्षी, बाह्य जखम नसतानाही रेल्वे-अपघातातून वाचलेली माणसे खचलेली आढळत. इंग्लंडमध्ये एरिक्सन यांनी याचे कारण पाठीच्या कण्यास बसलेल्या हादऱ्यात शोधले (१८६६), तर जर्मनीत ओपेनहाइम यांनी या स्थितीस ‘आघातजन्य मज्जाविकृती’ असे नाव दिले (१८८९). पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यानंतर गलितगात्र झालेल्या सैनिकांच्या विकाराचे वर्णन चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये केले. स्फोटाने मेंदू हादरतो, हे पहिले स्पष्टीकरण होते; मात्र स्फोटापासून दूर असलेल्यांतही तीच लक्षणे दिसल्याने ते अपुरे ठरले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही शाखांना मोजमापाची साधने लाभली. संगणकीय छेदचित्रणाचा रुग्णावर पहिला वापर १९७१ मध्ये झाला. ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांवरून शुद्धी मोजणारी श्रेणी मांडली. अमेरिकन मानसचिकित्सा संघटनेने १९८० मध्ये ‘आघातोत्तर तणाव विकृती’ अधिकृत निदानांत समाविष्ट केली. दोन्ही विकारांत एक लक्षणीय भेदही आहे : मस्तिष्क-इजेत घटनेच्या वेळची स्मृती पुष्कळदा पुसली जाते, तर मानसिक आघातात ती नको असताना वारंवार उसळते. तथापि एकाच रुग्णात दोन्ही आढळू शकतात.

भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेची आधुनिक परंपरा जेकब चँडी (वेल्लोर, १९४९), बी. राममूर्ती (मद्रास, १९५०) व राम गिंडे (मुंबई, १९५१) यांच्या कार्याने सुरू झाली. रस्त्यावरील अपघात हे मस्तिष्क-इजेचे प्रमुख कारण असल्याचे बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेतील जी. गुरुराज यांच्या साथरोगशास्त्रीय संशोधनाने दाखवून दिले.

मानसिक आघाताच्या अभ्यासास महाराष्ट्रात चालना मिळाली ती किल्लारीच्या भूकंपाने. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक झोपेत असता, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे कोसळून सु. ८,००० ते १०,००० माणसे दगावली. शरण, सक्सेना व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक अहवालात, नमुना लहान असला तरी, तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मनोविकार आढळला. त्यांत आघातोत्तर तणाव विकृती व विषण्णता प्रमुख होत्या. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने तेथे दीर्घकालीन अभ्यास केला. घरे बांधून दिल्याने पुनर्वसन पुरे होत नाही, हा या अनुभवाचा धडा होय.

मोठ्या आपत्तीकडे संशोधकांचे लक्ष जाते. एकट्यादुकट्या अपघाताकडे सहसा जात नाही. गुजरातच्या सीमेलगतचा सुरगाणा तालुका या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. १९४८ पर्यंत संस्थान असलेला हा नाशिक जिल्ह्यातील डोंगराळ, आदिवासीबहुल प्रदेश आहे. घाटातील वाहन-अपघात किंवा झाडावरून पडणे यांत डोक्यास मार लागल्यास विशेष उपचारांसाठी नाशिकचा रस्ता धरावा लागतो. टाके निघाले की रुग्ण बरा झाला, असे घरचे समजतात. पुढे तो संतापू लागला, कामात चुकू लागला, तर दोष स्वभावाला, व्यसनाला वा बाहेरच्या बाधेला दिला जातो व भगताकडे नेले जाते. वृद्धांत मेंदूच्या आवरणाखाली सावकाश साचणारे रक्त काही आठवड्यांनी भ्रम उत्पन्न करते. तो म्हातारपणाचा परिणाम मानला गेला, तर बरा होऊ शकणारा रुग्ण गमावला जातो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये, त्याची जिल्हा पातळीवरील योजना १९९६ मध्ये आणि १४४१६ या क्रमांकावरील टेलि-मानस सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. तथापि या सोयींचा उपयोग व्हायचा तर, रुग्ण घरी परतल्यावर त्याची झोप, स्मरण व राग यांची विचारपूस कोणीतरी करावयास हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्य व आशा कार्यकर्ती हे काम करू शकतात; त्यासाठी जखम भरली म्हणजे इजा संपली, ही समजूत प्रथम दूर व्हावयास हवी.