जावा संकलनातील आवृत्ती-विसंगती

जावा या प्रोग्रामिंग भाषेत संकलक, म्हणजेच कंपायलर, आणि रनटाइम यांच्या आवृत्त्या परस्परांशी न जुळल्यामुळे उद्भवणाऱ्या त्रुटींना आवृत्ती-विसंगतीच्या त्रुटी म्हणता येईल. अशा वेळी मूळ सोर्स कोड निर्दोष असूनही संकलन मध्येच थांबते, किंवा संकलन विनातक्रार पार पडून प्रोग्राम चालवताना बंद पडतो. त्रुटीचा संदेश पुष्कळदा संकलकाकडून येत असल्यामुळे नवशिका प्रोग्रामर आपल्याच कोडमध्ये दोष शोधत राहतो.

क्लास फाइलीची आवृत्ती

जावाचा संकलक सोर्स कोडचे रूपांतर थेट यंत्रभाषेत न करता बाइटकोडमध्ये करतो. हा बाइटकोड क्लास फाइलीत साठवला जातो व जावा आभासी यंत्र तो चालवते. क्लास फाइलीचे पहिले चार बाइट ओळखखुणेचे असतात. षोडशमान पद्धतीत लिहिल्यास त्या अक्षरांचा उच्चार गमतीने ‘कॅफे बेब’ असा होतो. त्यानंतरचे दोन बाइट गौण आवृत्तीचे, तर सातवा व आठवा बाइट प्रधान आवृत्तीचा असतो. जावा ८ साठी प्रधान आवृत्ती ५२, जावा ११ साठी ५५, जावा १७ साठी ६१ आणि जावा २१ साठी ६५ आहे. संदेशातील क्रमांकातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते.

नवे आभासी यंत्र जुन्या क्लास फाइली वाचू शकते. जुने यंत्र मात्र नव्या फाइली नाकारते. जावा १७ साठी संकलित केलेला प्रोग्राम जावा ८ वर चालवल्यास ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ ही त्रुटी येते आणि संदेशात ६१ व ५२ हे दोन्ही क्रमांक दिसतात.

संकलकाचे स्वतःचे रनटाइम

संकलक हाही एक प्रोग्रामच आहे, ही गोष्ट सहज नजरेआड होते. जावाचा अधिकृत संकलक स्वतः जावात लिहिलेला आहे. ग्रूव्ही, कोटलिन व स्काला या भाषांचे प्रचलित संकलकही जावा आभासी यंत्रावर चालतात. त्यामुळे एकाच प्रकल्पात तीन आवृत्त्या गुंतलेल्या असू शकतात: संकलक ज्यावर चालतो ती, संकलन ज्या आवृत्तीसाठी केले जाते ती आणि तयार प्रोग्राम ज्यावर चालणार आहे ती.

ग्रेडल या बिल्ड साधनातील त्रुटी हे याचे ठळक उदाहरण होय. जावा १७ वर चालण्याची क्षमता ग्रेडलमध्ये ७.३ या आवृत्तीपासून आली. त्याआधीची आवृत्ती जावा १७ वर चालवल्यास तिच्यातील ग्रूव्ही संकलक बिल्ड स्क्रिप्टचे संकलन करतानाच अडखळतो, कारण ६१ क्रमांकाच्या क्लास फाइली त्याला वाचता येत नाहीत. प्रकल्पातील जावा कोडपर्यंत तो पोहोचलेलाही नसतो. येथे कॅशे पुसणे किंवा प्रकल्प नव्याने उतरवून घेणे हे सर्रास सुचवले जाणारे उपाय निरुपयोगी ठरतात. ग्रेडलची आवृत्ती वाढवणे अथवा ते जुन्या जावावर चालवणे, एवढेच करावे लागते.

लोंबोकसारखी साधने संकलकाच्या अंतर्गत भागांना हात घालतात. जावा १६ पासून हे भाग बाहेरील कोडला बंद करण्यात आल्याने त्यांच्या जुन्या आवृत्त्या संकलनाच्या वेळीच कोसळतात.

निदान

टर्मिनलमध्ये जावाची आवृत्ती विचारून मिळणारे उत्तर पुरेसे नसते. ‘पाथ’ या चलात एक जावा आणि ‘जावा होम’ या चलात दुसरे, अशी स्थिती संगणकावर वारंवार आढळते. ग्रेडलची रॅपर स्क्रिप्ट ‘जावा होम’ दिलेले असल्यास त्यालाच प्राधान्य देते. म्हणून मेव्हन किंवा ग्रेडल यांनाच त्यांची आवृत्ती विचारावी; त्या उत्तरात ते कोणत्या जावावर चालत आहेत हेही कळते. एखाद्या क्लास फाइलीची प्रधान आवृत्ती ‘जावापी’ या साधनाच्या सविस्तर आउटपुटमध्ये दिसते.

‘रिलीज’ पर्याय

केवळ ‘सोर्स’ व ‘टार्गेट’ हे जुने पर्याय वापरल्यास क्लास फाइलीचा क्रमांक जुळतो, पण संकलन नव्या आवृत्तीच्या ग्रंथालयावर आधारलेले राहते. ‘बाइट बफर’ या वर्गातील ‘फ्लिप’ ही पद्धत जावा ८ मध्ये ‘बफर’ परत करीत असे, तर जावा ९ पासून ती ‘बाइट बफर’ परत करते. परिणामी जावा ९ वर ‘टार्गेट’ ८ ठेवून संकलित केलेला, ‘बाइट बफर’वर ‘फ्लिप’ वापरणारा प्रोग्राम जावा ८ वर सुरू होतो, पण त्या ओळीशी पोहोचताच ‘नो सच मेथड एरर’ देऊन बंद पडतो. ती ओळ क्वचितच वापरली जाणारी असेल, तर दोष चाचण्यांतून निसटून थेट वापरकर्त्याकडे जातो. जावा ९ मध्ये आलेला ‘रिलीज’ हा पर्याय ठरावीक आवृत्तीच्या ग्रंथालयाशीच कोड ताडून पाहतो, त्यामुळे अशी त्रुटी टळते. मात्र हा पर्याय फार मागच्या आवृत्त्यांना लागू पडत नाही: जावा २० च्या संकलकाने जावा ७ साठी संकलन करणे थांबवले आहे.