सिझर लिफ्ट आणि बूम लिफ्टवर काम करताना नेमका धोका कशाचा?

पथदिव्यांची दुरुस्ती, फांद्यांची छाटणी, होर्डिंग लावणे अशा कामांसाठी आता शिडीऐवजी लिफ्ट वापरतात. कात्रीसारख्या दांड्यांवर सरळ वर जाते ती सिझर लिफ्ट. लांब दांड्याच्या टोकाला बास्केट असते ती बूम लिफ्ट. भोवती कठडा असल्याने त्या शिडीपेक्षा सुरक्षित वाटतात, पण त्यांचे धोके वेगळे आहेत.

वाऱ्याने लिफ्ट उलटू शकते का?

हो. २७ ऑक्टोबर २०१० रोजी अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात २० वर्षांचा एक विद्यार्थी सिझर लिफ्टवरून फुटबॉल सरावाचे चित्रीकरण करत होता. ताशी सुमारे ८५ किलोमीटरच्या झोताने लिफ्ट उलटली आणि त्याचा मृत्यू झाला. वाऱ्याची भीती वाटत असल्याचे त्याने त्याच दिवशी ट्विटरवर लिहिले होते. ती लिफ्ट ताशी ४५ किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यातच वापरायची होती. सरकारी चौकशीनंतर विद्यापीठाला दंड झाला. लिफ्ट चालवण्याचे पुरेसे प्रशिक्षण न देणे हाही त्यात ठपका होता.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की दाब चौपट होतो. म्हणजे ४५ ऐवजी ८५ च्या वाऱ्यात लिफ्टवर साडेतीन पट जोर येतो. कठड्याला बॅनर बांधला, तर तो शिडासारखा वारा धरतो.

मग सेफ्टी बेल्ट कशासाठी?

बूम लिफ्टचे चाक छोट्या खड्ड्यात गेले, तरी टोकाच्या बास्केटला मोठा हिसका बसतो आणि माणूस गलोलीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जाऊ शकतो. म्हणून अंगावरच्या पट्ट्याचा दोर बास्केटमधल्या ठरलेल्या कडीलाच अडकवतात, शेजारच्या खांबाला नाही. मात्र लिफ्टच उलटली, तर पट्टा वाचवू शकत नाही.

आणखी कोणते धोके असतात?

• वीज : बहुतेक लिफ्ट धातूच्या असतात. उच्च दाबाच्या तारेला स्पर्श न होताही झटका बसू शकतो. त्यामुळे किमान ३ मीटर अंतर ठेवतात; दाब फार जास्त असेल, तर त्याहून अधिक.
• चिरडणे : वर जाताना माणूस कठडा आणि छताची तुळई यांमध्ये सापडू शकतो.
• जमीन : उतार, भुसभुशीत माती किंवा गटाराचे झाकण यांमुळे तोल जातो.

काय काळजी घ्यावी?

वर जाण्याआधी यंत्रावरची वाऱ्याची आणि वजनाची मर्यादा वाचावी. काही लिफ्ट फक्त बंदिस्त जागेसाठीच असतात. कठड्यावर चढू नये. खालच्या नियंत्रणातून बास्केट उतरवता येणारा एक माणूस जमिनीवर हवाच. वारा वाढला तर काम थांबवावे. रस्त्यावर अशी लिफ्ट दिसली, तर तिच्याखालून जाऊ नये.