दहा दिवसांचा हिशेब



गांधीजींवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते दिल्लीला गेले आपल्या ग्वाल्हेरातून. २७ जानेवारी १९४८ च्या रात्री नथुराम गोडसे आणि नारायण आपटे येथे आले आणि ते बेरेटा पिस्तूल मिळवून दिल्लीला परतले. माझ्या लहानपणी हा विषय निघाला की घरातील वडीलधारी मंडळी आवाज खाली करीत. मारेकऱ्यांवर खटला चालला, शिक्षा झाल्या. त्याबद्दल मी आज बोलणार नाही. गांधीजींच्या रक्षणाचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांच्याकडे हिशेब कोणी मागितला, एवढाच माझा प्रश्न आहे.

२० जानेवारीला बिर्ला हाउसमध्ये प्रार्थनासभेच्या वेळी स्फोट झाला. मदनलाल पाहवा तेथेच पकडला गेला, साथीदार निसटले. पोलिसांपुढे त्याने पुण्याच्या ‘अग्रणी’ या पत्राच्या संपादकाचा उल्लेख केला. मुंबई सरकारच्या दप्तरात वृत्तपत्रांची यादी होती आणि तीत ‘अग्रणी’चे संपादक म्हणून गोडसे, तर मालक म्हणून आपटे यांचे नाव होते. तपास आणि मारेकरी यांच्यात एक यादी उघडण्याइतकेच अंतर होते.

दुसरा धागा मुंबईत होता. रुइया कॉलेजातील प्रा. जगदीशचंद्र जैन यांना मदनलालने कटाविषयी आधीच सांगितले होते. त्यांना ती एका निर्वासित तरुणाची बढाई वाटली. स्फोटाची बातमी वाचताच, २१ जानेवारीला, त्यांनी बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना सर्व सांगितले. त्यात नगरच्या करकरेचेही नाव होते. मोरारजींनी त्याच संध्याकाळी डेप्युटी कमिशनर नगरवाला यांना आणि दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत सरदार पटेलांना ही माहिती दिली. प्रा. जैनांचे नाव मात्र, त्यांच्याच विनंतीवरून, पोलिसांना कळवले नाही. त्यामुळे हत्येपर्यंत पोलिसांनी त्यांना काही विचारलेच नाही.

हे दोन धागे एकत्र बांधले गेले नाहीत. दिल्लीचे दोन पोलीस अधिकारी मुंबईस आले आणि लगेच परत पाठवले गेले. दिल्लीचे म्हणणे, आम्ही माहिती दिली. मुंबईचे म्हणणे, ‘अग्रणी’चे आम्हाला कोणी सांगितलेच नाही. नगरवाला यांचा कल तर गांधीजींच्या अपहरणाचा डाव असावा, याकडे होता. पुण्याच्या सी.आय.डी.चे प्रमुख राणा त्या दिवसांत दिल्लीतच होते. मदनलालचा जबाब घेऊन ते २५ तारखेस निघाले, तेही आगगाडीने, अलाहाबादमार्गे, आणि २७ तारखेस मुंबईस पोहोचले. त्याच दिवशी गोडसे आणि आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीस गेले. तीन दिवसांनी गांधीजी गेले.

खटल्याचे न्यायाधीश आत्माचरण यांनी १९४९ मध्ये निकाल देताना पोलिसांच्या ढिलाईवर स्पष्ट ठपका ठेवला. थोडी तत्परता दाखवली असती तर ही घटना टळली असती, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यानंतर हा विषय दप्तरात पडून राहिला. १९६४ मध्ये सुटून आलेल्या कैद्यांचा पुण्यात सत्कार झाला. तेथे लोकमान्य टिळकांचे दौहित्र ग. वि. केतकर यांनी आपल्याला या बेताची आधी कल्पना होती, असे सांगितले आणि संसदेत गदारोळ उठला. अखेर १९६६ मध्ये न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्याकडे चौकशी आली. तोवर पटेल आणि खेर दोघेही हयात नव्हते. कपूर यांनी शंभराहून अधिक साक्षी घेऊन १९६९ मध्ये अहवाल दिला आणि दिल्ली व मुंबई, दोन्हीकडच्या तपासातील दोष नोंदवले. संशयितांना चेहऱ्याने ओळखू शकतील अशी मुंबई-पुण्याची माणसे बिर्ला हाउसवर ठेवायला हवी होती, हेही त्यात आले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सभेला येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधीजींचाच विरोध होता. घडून गेल्यावर सगळे धागे स्पष्ट दिसतात, घडण्याआधी ते शेकडो कागदांत दडलेले असतात. म्हणून जे ठाऊकच नव्हते त्याचा जाब अधिकाऱ्याला विचारू नये. पण जे हातात आले होते त्याचे काय केले, हे विचारलेच पाहिजे. आम्हा जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद येतो. अज्ञान वेगळे, प्रमाद वेगळा. चाळीस वर्षे दवाखाना चालवताना मलाही हे उमगले आहे. औषध चुकल्याची खंत मागे पडते. रुग्णाने सांगितले होते, मी ऐकलेही होते, पण उद्या पाहू म्हटले, ती खंत जात नाही.

पुढे काय बदलले? २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर शिवराज पाटील, विलासराव देशमुख आणि आर. आर. पाटील यांना पदे सोडावी लागली. हा बदल लहान नाही. पण राम प्रधान समितीने बोट ठेवले ते आधी आलेल्या गुप्त सूचनांच्या हाताळणीतील गोंधळावर. मंत्री गेला तरी कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कसा जातो, हे आपोआप सुधारत नाही. त्यासाठी चौकशी लगेच व्हावी लागते, माणसे हयात असताना आणि आठवणी ताज्या असताना.

प्रा. जैनांकडे ना खाते होते, ना शिपाई. जमेल ते त्यांनी केले होते, तरी हत्येनंतर लवकरच ‘बापूंना मी वाचवू शकलो नाही’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक त्यांनी लिहिले आणि हिशेबातील आपली बाजू स्वतः मांडली. सरकारी खात्यांची बाजू लिहून काढण्यासाठी मात्र आणखी वीस वर्षे जावी लागली, आणि तीही एका निवृत्त न्यायमूर्तींनाच लिहावी लागली.