कावेरीकाठचे कुंभकोणम्

गुरू सिंह राशीत आला की महाराष्ट्रातील यात्रेकरू नाशिकची वाट धरतो. त्याच सिंहस्थात, पौर्णिमेचा चंद्र मघा नक्षत्री असता, दूर दक्षिणेत कावेरीच्या खोऱ्यातही लक्षावधी माणसे एका विस्तीर्ण तळ्यात स्नान करतात. महामहम् हे त्या पर्वाचे नाव आणि कुंभकोणम् हे त्या क्षेत्राचे. नाशिकचा मेळा २०१५ साली भरला आणि लगेच २०१६ च्या फेब्रुवारीत कुंभकोणम् येथे महामहम् साजरा झाला. या गावाशी महाराष्ट्राचे नाते केवळ आकाशातील ग्रहांनी जोडलेले नाही. त्याला सुमारे साडेतीन शतकांच्या इतिहासाचाही आधार आहे.

तंजावरच्या ईशान्येस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये हे गाव वसले आहे. प्रलयकाळी वाहत आलेला अमृतकुंभ येथे फुटला, म्हणून हे कुंभकोणम्, अशी येथील स्थलकथा. चोळांनी आणि नायकांनी येथे देवळे उभारली; महामहम् तळ्याभोवतीचे सोळा मंडप नायकांचा मंत्री गोविंद दीक्षित याने बांधले. पण देवळांच्या सावलीत गाव जगले ते पेठेवर. सभोवारची जमीन गाळाची, पाणी बारमाही जवळ. त्यामुळे भाताबरोबरच पानमळे फुलले. हादग्याची झाडे दाटीने लावायची, त्यांवर नागवेल चढवायची आणि कोवळे, पातळ पान खुडून, शंभर-शंभरांच्या जुड्या बांधून बाजारात पाठवायचे, हा या परिसराचा पिढीजात उद्योग. कुंभकोणम्‌च्या पानाला २०२५ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पानाच्या जोडीला पितळेची भांडी आणि सौराष्ट्री विणकरांचे रेशीम, असा या पेठेचा थाट आहे.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि कावेरीच्या या सुपीक प्रदेशावर भोसल्यांचे राज्य सुरू झाले. राजधानी तंजावर, परंतु विद्या आणि भक्ती यांचे ठाणे कुंभकोणम्‌च्या परिसरात होते. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६९३ साली जवळच्या तिरुविशनल्लूर येथे पंचेचाळीसच्या आसपास विद्वानांना जमिनी देऊन अग्रहार वसविला. त्या गावाला शहाजीराजपुरम् असे नाव पडले. भजनपरंपरेचे थोर पुरुष श्रीधर अय्यावाळ याच गावचे. मराठी राजा, संस्कृत पंडित आणि तमिळ भूमी, असा हा त्रिवेणी संगम होता.

राज्याबरोबर कारकून, हिशेबनीस, कीर्तनकार, पुरोहित अशी मराठी कुटुंबेही दक्षिणेत उतरली होती. त्यांची लेखणी मोडी आणि घरची बोली मराठी. दुसऱ्या सरफोजींनी १७९९ साली राज्याचा कारभार इंग्रजांच्या स्वाधीन केला आणि १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्र न ठेवता वारले, तेव्हा इंग्रजांनी राजपदच संपविले. दरबार गेला, दप्तर मिटले. ज्यांची उपजीविका या दप्तरावर चालत होती, त्यांनी आता काय करावे?

याचे उत्तर कुंभकोणम्‌ने दिले. राजपद संपण्याच्या एकच वर्ष आधी, १८५४ मध्ये, येथे सरकारी शाळा निघाली आणि पुढे तिचेच महाविद्यालय झाले. पोर्टर हे तिचे नामांकित प्राचार्य आणि गोपाळराव हे तितकेच नामांकित मराठी अध्यापक. लोक या विद्यालयाला दक्षिणेचे केंब्रिज म्हणू लागले. कापडाच्या दुकानात कारकुनी करणाऱ्याचा मुलगा श्रीनिवास रामानुजन १९०४ साली याच महाविद्यालयात आला. गणितापुढे इतर विषय त्याला सुचेनात, म्हणून शिष्यवृत्ती गमावून तो बाहेर पडला. १९१८ मध्ये तोच लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

मराठी कुटुंबांचा बाणा मात्र राज्यकारभाराचा. १८२८ मध्ये कुंभकोणम् येथे जन्मलेले टी. माधवराव मद्रासला शिकले, त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि मग त्याच संस्थानाचे दिवाण झाले. कर्जात बुडालेले ते संस्थान त्यांनी ऋणमुक्त केले. नंतर त्यांनी इंदूरची दिवाणगिरी केली. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, तेव्हा बालवयीन सयाजीरावांच्या वतीने बडोद्याचा कारभार पाहण्यास माधवरावांनाच पाचारण झाले. व्यंकोजींबरोबर मराठी माणूस दक्षिणेत उतरला, त्याला दोनशे वर्षे होत आली होती. आता त्याच वस्तीतला एक माणूस उत्तरेकडे येऊन मराठ्यांच्या एका राज्याची घडी बसवीत होता. त्यांचे चुलतबंधू रघुनाथराव हेही इंदूरचे दिवाण झाले. विधवाविवाहाचा त्यांनी शास्त्राधारे पुरस्कार केला आणि १८८७ साली मद्रासला सामाजिक परिषद सुरू झाली, तेव्हा ते पुण्याच्या न्यायमूर्ती रानड्यांचे सहकारी होते.

या यशाची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. नोकरी इंग्रजीत, व्यवहार तमिळमध्ये. मराठी उरली ती माजघरात. तमिळ शब्द पोटात घेतलेली, काही जुनी रूपे जपणारी ती बोली तंजावरी मराठी म्हणून ओळखली जाते. मोडी वाचणारे विरळ झाले. त्या काळचे पुष्कळ मोडी कागद तंजावरच्या सरस्वती महालात जपून ठेवलेले आहेत. पण कागद जपणे आणि भाषा बोलणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

नागवेल आपल्या बळावर उभी राहत नाही. तिला हादग्याचा आधार लागतो. राज्याचा आधार तुटल्यावर कावेरीकाठच्या मराठी समाजाने विद्येचा आधार शोधला आणि तो वाढला. भाषेला मात्र तसा आधार लाभला नाही. ती आजवर टिकली ती केवळ घराघरांतून आईने मुलाशी बोलण्याइतकी. आणि पुढेही ती टिकली, तर तेवढ्याच एका धाग्यावर टिकेल.