गण तोच, नमन वेगळे

दिवसभर औत हाकून दमलेला कुणबी रात्री व्याख्यान ऐकायला येईल, ही आशा पुण्यातल्या सभागृहात बसूनच धरता यायची. ढोलकीवर थाप पडली की मात्र तोच माणूस घोंगडी खांद्यावर टाकून निघायचा. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढच्या काही दशकांत या समाजाचा विचार खेड्यापाड्यांत पोचला, त्यात भाषणांइतकाच, कदाचित जास्तच, वाटा जलशांचा, म्हणजे तमाशाच्या बाजाने होणाऱ्या प्रबोधनाच्या खेळांचा होता.

याची चाहूल जोतीरावांच्याच लेखनात लागते. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. ग्रहांची भीती घालून जोशी एका गरोदर कुणबिणीच्या घराला कसा लुबाडतो, एवढीच त्याची गोष्ट. रंगत आणतो तो विदूषक. जोशीबुवांचा डाव जमत आला की हा मध्येच तोंड घालतो आणि बघणाऱ्याच्या मनातले बोलून जातो. मराठी पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले. ते छापून यायला १९७९ साल उजाडले. पण विदूषकाचा हा आगाऊपणा पुढे जलशातल्या सोंगाड्यात पुरेपूर दिसतो.

सत्यशोधकांनी तमाशाचा सांगाडा मोडला नाही. आधी गण, मग गवळण, शेवटी वग. डफ, तुणतुणे, ढोलकी तीच, मागे झील धरणारे झीलकरीही तसेच. बदलला तो ऐवज. गणात गणपतीच्या जागी निर्मिकाचे, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्याचे, आणि सत्याचे स्तवन आले, गवळणीतला शृंगार आटला आणि वगात राजाराणीच्या जागी सावकार, कुलकर्णी, भटजी उभे राहिले. सोंगाड्या भाबडेपणाचा आव आणून भटजीला कोड्यात टाकणारे प्रश्न विचारी, उत्तर अडखळले की हशा पिके आणि त्या हशातच वादाचा निकाल लागे. १९२० च्या सुमारास सातारा जिल्ह्यात शेतकऱ्यांचा असंतोष पेटला, तेव्हा जलसेही त्यात होतेच. या जलशांतली बरीच पदे आज वाचताना रुक्ष वाटतात. कागदावर वाचण्यासाठी ती रचलीच कुठे होती?

आंबेडकरी जलशाची गोष्ट आणखी वेगळी. तमाशा हा महार-मांग घरांतल्या कित्येकांचा पोटापाण्याचा धंदा. त्यांनी नाचायचे, गायचे आणि गावाने करमणूक करून घ्यायची. २ मार्च १९३० रोजी नाशिकात काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच धामधुमीच्या काळात नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. इथे तोच कलावंत आपल्याच माणसांशी बोलू लागला: मेलेली गुरे ओढणे सोडा, दारू सोडा, पोरांना शाळेत घाला. बाई नाचवायची नाही. स्त्रीपात्र पुरुषच रंगवी.

मुंबईच्या गिरणगावात हा धागा लाल झाला. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या शाहिरांनी लाल बावटा कलापथक उभारले. अण्णाभाऊंनी गणातून देवाला रजा देऊन नमन केले ते कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना. या पथकाच्या कार्यक्रमांवर पुढे सरकारने बंदीही घातली. करमणुकीला सरकार इतके घाबरत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर शाहिरांशिवाय सभा भरेना. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड आधी वाटते विरहाची: पोटासाठी मुंबईला आलेला गडी, गावाकडे राहिलेली बायको. ऐकणाऱ्यांत असे गडी पुष्कळ. ते त्या दुःखात गुंतले की शाहीर विषय अलगद फिरवतो आणि मैनेसारखीच ताटातूट झालेले बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव समोर येतात. बायकोच्या आठवणीने हळवा झालेला माणूस सीमेच्या प्रश्नावर घोषणा देत उठावा, अशी ही रचना.

हा बाज पुढेही टिकला. २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या कलावंतांना घेऊन रंगभूमीवर आले. त्यात शाहीर संभाजी भगत यांची गाणी होती, आडवेतिडवे प्रश्न होते, हशाही होता. फक्त या खेपेला प्रेक्षक नाट्यगृहात, तिकीट काढून बसले होते.