मोटार विमा : नोकरीच्या कामातील वाहनचालन

नोकरी, व्यापार किंवा व्यवसाय यांच्या कामासाठी मोटार चालविली जात असता उद्भवणाऱ्या आर्थिक दायित्वाचे विमासंरक्षण हा मोटार विम्याचा एक महत्त्वाचा विभाग होय. खाजगी प्रवासात गाडीचा मालक व चालक या व्यक्ती बहुधा एकच असतात. कामाच्या प्रवासात मात्र गाडी चालविणारा नोकर, त्याला पाठविणारा मालक, जोखीम पतकरणारी विमा कंपनी आणि रस्त्यावरील त्रयस्थ असे चार पक्ष संभवतात. यांपैकी त्रयस्थास कायद्याने तुलनेने लवकर संरक्षण दिले. गाडी चालविणाऱ्या नोकरास ते फार उशिरा व अंशतःच मिळाले.

पूर्वपीठिका : नोकराच्या हयगयीबद्दल मालकाला जबाबदार धरण्याचे तत्त्व मोटारीपूर्वीचे आहे. इंग्लंडमध्ये १८३४ साली जोएल विरुद्ध मॉरिसन या खटल्यात, नोकर मालकाच्या कामावर असताना थोडी वाट वाकडी करून गेला तरी मालक जबाबदार राहतो. मात्र तो सर्वस्वी स्वतःच्या मौजेखातर निघाला असेल, तर ती जबाबदारी संपते, असा भेद करण्यात आला. १८६२ च्या लिंपस खटल्यात एका बस कंपनीने आपल्या चालकांना दुसऱ्या बसशी चढाओढ करण्यास लेखी मनाई केलेली होती. तरीही चालकाने कामाच्या ओघात ती केली, म्हणून घोड्यांच्या बसच्या त्या अपघाताची जबाबदारी कंपनीवर पडली. मोटारी आल्यावर हीच कसोटी त्यांना लागू झाली.

ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ता वाहतूक अधिनियमाने त्रयस्थाविषयीच्या दायित्वाचा विमा सक्तीचा केला. गाडीचा वापर कशासाठी होणार यावर हप्ता ठरविण्याची प्रथाही तेथे रूढ झाली. ‘सामाजिक, घरगुती व करमणुकीचा वापर’ एवढ्यापुरते विमापत्र घेतलेला गृहस्थ व्यापारी बोलणी करण्यासाठी स्वतःच्या मोटारीतून गेला, तर तो प्रवास विम्याच्या कक्षेबाहेरचा ठरतो, असा निर्णय तेथे १९४८ मध्ये दिला गेला.

भारतातील विकास : १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातील आठव्या प्रकरणाने भारतात त्रयस्थ विमा सक्तीचा झाला. हे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. त्यातील कलम ९५ च्या परंतुकात मात्र एक मोठा अपवाद होता. विमेदाराचाच नोकर कामाच्या ओघात मृत्यू पावला वा जखमी झाला, तर त्याबद्दलच्या दायित्वाचा विमा सामान्यतः आवश्यक नव्हता. गाडीचा चालक, सार्वजनिक वाहनाचा वाहक आणि मालवाहू गाडीतून नेला जाणारा नोकर यांच्याबाबत, १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाखालील रकमेपुरताच विमा सक्तीचा होता. १९८८ चा नवा अधिनियम १ जुलै १९८९ पासून लागू झाला; त्याच्या कलम १४७ मध्येही ही रचना मुख्यतः कायम राहिली.

या व्यवस्थेचे परिणाम दोन खटल्यांत स्पष्ट दिसतात. डिसेंबर १९६० मध्ये एका जिनिंग व प्रेसिंग कंपनीचा व्यवस्थापक कंपनीची मोटार घेऊन नागपूरहून पांढुर्ण्यास कंपनीच्या कामासाठी निघाला. वाटेत गाडी झाडावर आदळून तीतील एक प्रवासी मरण पावला. व्यवस्थापक मालकाच्या कामावर होता, म्हणून कंपनी जबाबदार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. मोबदला न देता बसलेला प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नव्हता. विमापत्रात त्याहून अधिक जोखीम स्वीकारलेली होती, म्हणून विमा कंपनीचे दायित्व निर्माण झाले. पण तेही १५,००० रुपयांपुरतेच.

दुसऱ्या खटल्यात कंपनीच्या मोटारीच्या अपघातात तिचा विभागीय व्यवस्थापक मृत्यू पावला. तो मालकाचा नोकर असल्यामुळे त्रयस्थ नव्हे आणि व्यवस्थापक असल्यामुळे नुकसानभरपाई अधिनियमातील कामगारही नव्हे. म्हणून सक्तीच्या विम्याखाली विमा कंपनीवर त्याची जबाबदारी येत नाही, असा निर्णय २००७ मध्ये झाला. दोन्ही अधिनियमांच्या सीमारेषांमध्ये सुशिक्षित, पगारदार नोकर कसा अडकतो, हे या निर्णयाने उघड झाले.

विमापत्रातील तरतुदी : १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या भारतीय मोटार दरपत्रकानुसार खाजगी मोटारीच्या विमापत्रात वापरावरील मर्यादा नमूद असतात. भाड्याने अथवा मोबदल्यासाठी केलेला वापर, मालाची वाहतूक, शर्यती व वेगचाचण्या आणि मोटार व्यवसायासंबंधीचा वापर यांत वर्ज्य आहे. इतर सर्व वापर चालतो. त्यामुळे मालक स्वतःच्या गाडीतून कचेरीच्या कामाला गेला, तरी एवढ्याने विमापत्राचा भंग होत नाही. मालाच्या बंदीतून स्वतःचे सामान व नमुने वगळले आहेत. फिरत्या विक्रेत्याला या सवलतीचा विशेष उपयोग होतो. तो नमुन्यांची पेटी नेऊ शकतो, पण गिऱ्हाइकाकडे पोहोचविण्याचा माल नेऊ शकत नाही. पगारी चालकाविषयीचे आणि मालकाच्या गाडीतून जाणाऱ्या वा ती चालविणाऱ्या इतर नोकरांविषयीचे कायदेशीर दायित्व जादा हप्ता भरून पृष्ठांकनाद्वारे समाविष्ट करता येते. वरील व्यवस्थापकासारख्या नोकरांच्या बाबतीत या पृष्ठांकनाला मोठे महत्त्व आहे.

अलीकडील बदल : २०१९ च्या दुरुस्तीने विम्याविषयीचे प्रकरण नव्याने लिहिले गेले व ते १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आले. त्यातील ‘त्रयस्थ’ या संज्ञेच्या व्याख्येत परिवहन वाहनावरील चालक व सहकामगार यांचा समावेश करण्यात आला. खाजगी नोंदणीच्या मोटारीवरील नोकराचा मात्र त्यात उल्लेख नाही.

घर ते कामाचे ठिकाण हा प्रवास नोकरीचा भाग मानावा की नाही, हा प्रश्नही दीर्घकाळ विवाद्य होता. एप्रिल २००३ मध्ये मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून जात असता कारखान्यापासून सुमारे ५ किमी. अंतरावर अपघातात मरण पावला. आयुक्तांनी कुटुंबास मंजूर केलेली भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती पुन्हा कायम केली आणि प्रवासाची वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास असा अपघात नोकरीच्या ओघातीलच मानावा, असे ठरविले. हा निर्णय नोकराच्या नुकसानभरपाईविषयीच्या कायद्याखालील आहे. मोटार विमापत्राची व्याप्ती त्यामुळे आपोआप वाढत नाही. परिणामी कामासाठी खाजगी मोटार चालविणाऱ्या नोकराचे संरक्षण आजही मुख्यतः मालकाने कोणते विमापत्र व कोणते पृष्ठांकन घेतले आहे, यावरच अवलंबून आहे.